खिडक्यांची आणेवारी

होळी होऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी आमच्या बैठकीची खिडकी माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांना सोबत घेऊन घराबाहेर पडली.

पोहे झाले होते, चहा झाला होता. माझ्याविषयी सांगण्यासारखे जे काही चांगले होते, ते बाबूजींनी सांगून संपवले होते आणि त्याला फार वेळ लागला नव्हता. मग पाहुणे तोंडातला खर्रा थुंकायला उठले. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरून मान बाहेर काढली. ती चौकट वाळवीने आतून इतकी पोखरली होती की कित्येक वर्षे ती केवळ हिरव्या रंगाच्या आधारावर उभी असावी. पाहुणे, चौकट आणि दोन फळ्या एकमेकांना न सोडता बाहेरच्या तणशीच्या ढिगावर जाऊन पडल्या. पाहुण्यांना खरचटलेसुद्धा नाही. केसांतली तणस काढत ते उठले आणि त्या भगदाडातूनच म्हणाले, "ज्या घरात खिडकी टिकत नाही, तिथं माही पोरगी काय टिकन?"

आणि निघून गेले.

मी काही बोललो नाही. तसा मी त्याआधीच्या दीड तासातही काही बोललो नव्हतो. गोंदियाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. वर्गात मला बोलता येते, कारण तिथे माझ्याकडे कोणी पाहत नसते. कोणी पाहू लागले की माझ्या मनात वाक्ये अत्यंत सुबक रचली जातात, कर्ता, कर्म आणि क्रियापद आपापल्या जागी येऊन बसतात, आणि ओठांपर्यंत येईतो त्यातला एखादाच शब्द जिवंत उरतो.

"आता पयले खिडक्या," बाबूजी भगदाडासमोर उभे राहून म्हणाले. "सोयरे मंग."

माझे वडील शिवलाल रहांगडाले दवनीवाड्यात सहा एकर धान करतात, आणि जगातली कोणतीही वस्तू निवडण्याची त्यांची एकच रीत आहे. गावात बियाण्यांच्या कंपन्या येतात, तेव्हा बाबूजी कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते प्रत्येक वाण शेताच्या एकेका बांधीत लावतात, तिच्या कडेला धुऱ्यावर कंपनीची पाटी रोवतात, महिन्या-महिन्याने कंपनीच्या माणसाला पाहणीस बोलावतात. हंगाम संपला की पंच जमतात, कापणी होते, आणि प्रत्येक वाणाला पैशांत गुण मिळतात. सरकार पिकाची आणेवारी काढते तशीच ही गावची आणेवारी. पन्नास पैशांच्या वर आले तर वाण पास. खाली आले तर दुष्काळ. कूलर आमच्याकडे याच रीतीने आला. त्या उन्हाळ्यात घरात तीन कूलर होते, तिन्हींवर पाट्या होत्या, आणि आम्ही आळीपाळीने घामाघूम होत होतो.

म्हणून आम्ही दोघे गोंदियाला खिडक्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. रुचिका मात्र ठाऊक नव्हती.

ती दुकानाच्या मालकांची भाची. काउंटरवर 'शांतिविन' नावाच्या कंपनीच्या पांढऱ्या प्लास्टिक खिडकीचा एक कोपरा कापून नमुन्याला ठेवला होता. तिने तो बाबूजींपुढे सरकवला.

"इचा उतारा किती?" एकरी पीक विचारावे तसे बाबूजींनी विचारले.

"काका, ही खिडकी आहे."

"ते दिसून राहिलं मले. उतारा किती?"

तिने क्षणभर बाबूजींकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर हसू आले नाही, आणि मला वाटते, मी त्याच क्षणी हरलो. "वीस वर्षं उतरते," ती म्हणाली.

"रोग?"

"वाळवी नाही, गंज नाही. पाण्यानं फुगत नाही."

"तुडतुडा?"

"तुडतुड्यासाठी जाळी आहे. तिचे वेगळे पैसे."

बाबूजींनी समाधानाने मान हलवली आणि तांदळाचा दाणा पारखावा तसा तो पांढरा नमुना दाताखाली धरून चावला.

"काका," रुचिका म्हणाली, "त्याला मामांनी आत्ताच फिनाईलनं पुसलंय."

बाबूजींनी नमुना शांतपणे खाली ठेवला, रुमालाने ओठ पुसले आणि आपला प्रस्ताव मांडला. घराला रस्त्याच्या अंगाला तीन खोल्यांच्या तीन खिडक्या आहेत. तिथे तीन वाण लावू. एक खिडकी शांतिविनची. एक 'वज्रफ्रेम'ची, कारण त्यांचा माणूस प्रफुल परवाच ॲल्युमिनियमची जाहिरात देऊन गेला होता. आणि एक मनिराम सुताराची सागवानी खिडकी, देशी वाण म्हणून. हंगामभर पाहू. कापणीनंतर आणेवारी. जो वाण पास होईल त्याच्या बाकी नऊ खिडक्या घेऊ. तोवर नमुना फुकट.

"ये कोई बीज है क्या?" आतल्या केबिनमधून मामांचा आवाज आला.

"मामा, घर रस्त्यावर आहे," रुचिका तिकडे वळून म्हणाली. "सगळं गाव रोज पाहील. मी स्वतः लक्ष देते ना."

"नहीं बिकी तो फिर दुकान के बाहर पाँव नहीं रखना. नाप लेने जाने का शौक बंद. समझी?"

"समझी."

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचं काय मत?"

आजवर आमच्या घरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या मनात एक दीर्घ, संयुक्त, सुंदर वाक्य उमलले.

"हो," मी म्हणालो.

"हो म्हणजे?"

"नाही," मी म्हणालो.

तिने वहीत काहीतरी लिहिले. ते काय लिहिले असावे, याचा विचार मी पुढचे सात महिने करत राहिलो.

एप्रिलच्या बावीस तारखेला लागवड झाली. लागवड हा शब्द बाबूजींचा. प्रत्येक खिडकीखाली त्यांनी वीतभर खड्डा करून पाटी रोवली. वाण: शांतिविन. लागवड दिनांक. शेतकऱ्याचे नाव: शिवलाल रहांगडाले, मु. दवनीवाडा. उजवीकडे वज्रफ्रेमची करडी चौकट चमकत होती. मधल्या भगदाडात मनिरामची सागवानी चौकट बसली. फक्त चौकट. तिला फळ्या नव्हत्या.

"फळ्या पुढच्या सोमवारी," मनिराम म्हणाला.

शेजारचे टिकाराम काका सायकलवरून उतरून पाट्या वाचत उभे राहिले. त्यांना गावात दुसरा उद्योग नाही, आणि असला तरी ते तो करत नाहीत. "शिवलालभाऊ, खत कोनतं देऊन राहिले खिडकीले?"

"तू आपला रस्ता पाय."

"नाही, पुसलं फक्त. निंदन कधी? बाया सांगा लागतीन ना."

आत माय रुचिकाला बसायला पाट देत होती आणि तिची चौकशी करत होती. "तुमी कोनत्या गावचे, बाई?"

"आमगावच्या. बिसेन आम्ही."

"बिसेन! म्हंजे आपल्यातलेच!" माय म्हणाली, आणि हातातले सूप तसेच धरून तिने माझ्याकडे असे पाहिले की मी उठून विहिरीकडे गेलो.

बाबूजींच्या रीतीप्रमाणे कंपनीच्या माणसाने तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी पाहणीस यायचे असते. त्यानंतर थेट कापणी. म्हणजे रुचिका तीनदा येणार होती, आणि चौथ्यांदा आणेवारीच्या दिवशी. त्यानंतर ती येण्याचे कारण उरणार नव्हते. खिडकी पास झाली तर मजूर येऊन बाकीच्या खिडक्या बसवून जातील. नापास झाली तर मामा तिला काउंटरमागे बसवतील. कसेही झाले तरी त्या चार भेटींत मला एक वाक्य बोलायचे होते. मला माझी गती ठाऊक होती, आणि ती आशादायक नव्हती.

तिसाव्या दिवशी ऊन असे पेटले होते की वज्रफ्रेमच्या चौकटीवर मायने मुगाच्या वड्या घातल्या आणि त्या दुपारपर्यंत वाळून कडक झाल्या. बाबूजींनी ते वज्रफ्रेमच्या बाजूने नोंदवले. प्रफुल खूश होऊन म्हणाला, "पाहा काका, हा गुण आमच्या ब्रोशरमध्येही नाही!" संध्याकाळी त्याच चौकटीला टेकून बसलेल्या टिकाराम काकांची पाठ भाजली. बाबूजींनी तेही नोंदवले.

रुचिका दुपारी आली. कॉलेजला सुट्टी लागली होती, पण लागली नसती तरी मी घरीच असतो. तिने मापे घेतली, काचेला हात लावून पाहिला, मोबाईलवर कसलेसे यंत्र लावून आवाज मोजला. मी तिच्यासमोर तांब्या धरला.

"पाणी," मी म्हणालो.

साठाव्या दिवशी, धानाची पेरणी चालू असताना, ती चिखलाने माखलेली स्कूटी घेऊन आली. मी आठवडाभर सराव केला होता.

"पाणी घ्या," मी म्हणालो.

क्रियापदाची भर पडली होती. नव्वदाव्या दिवशी मी एक विशेषणही जमवले. "पाणी थंड आहे, घ्या." ती प्याली. "हो, थंड आहे," ती म्हणाली. या वेगाने मनातले बोलण्यापर्यंत पोचायला मला किती खिडक्या लागल्या असत्या, याचा मी त्या रात्री अंदाज बांधला. गावात तेवढी घरे नव्हती.

दरम्यान वाण आपापले गुण दाखवत होते. वारा सुटला की वज्रफ्रेम शिट्टी घालायची. टिकाराम काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती शिट्टी ऐकून एकदा रस्त्यावरची एसटी थांबली होती. मनिरामच्या फळ्या पुढच्या सोमवारी येतच राहिल्या. शांतिविन बंद केली की बाहेरचे जग मुके व्हायचे. समोरच्या मंडपातल्या डीजेवर पोरे नाचताना दिसायची, पण ऐकू काहीच यायचे नाही. माणसे अशी निःशब्द नाचताना पाहिली की मला उगीच वाईट वाटे. मला वाटे, मी लोकांना असाच दिसत असेन: ओठ हलताना, आणि पलीकडे काहीच न पोचताना.

ही शांतता मायला मात्र मानवली नाही. पहिले तीन महिने तिची रोज कुरकुर असायची. भाजीवाला निघून जातो, कळत नाही. शेजारची प्रेमिला काय बोलते, कळत नाही. "घर आहे का मडकं?" ती म्हणायची. मग श्रावणात ती कुरकुर आपोआप थांबली. बंद खिडकीशी बसूनही माय अचूक वेळी पिशवी घेऊन भाजीवाल्याला गाठू लागली. आईच्या कानांना काही अधिक ऐकू येते, असे मी मनाशी म्हटले आणि त्यावर एक कविताही लिहिली. ती कविता चुकीच्या माहितीवर आधारलेली होती, हे मला पुढे कळायचे होते.

धान निसवू लागले की गाव आनंदते. लोंब्या बाहेर येतात, हवेला दुधाचा वास येतो. मी मात्र धुऱ्यावर उभा राहून त्या लोंब्यांकडे परीक्षेच्या वेळापत्रकाकडे पाहावे तसा पाहत होतो. धान हिरवे होते तोवर माझ्याकडे वेळ होता. मग ते पिवळे झाले.

कार्तिकात कापणी झाली आणि आणेवारीचा दिवस ठरला. अंगणात मांडव घालून सतरंजी अंथरली. पंच म्हणून टिकाराम काका आणि वॉर्डातले चार जण बसले. प्रफुल नवा शर्ट घालून आला. मनिराम एक फळी घेऊन आला. दुसरी पुढच्या सोमवारी येणार होती, आणि एकच फळी लावली तर दिसायला बरे दिसणार नाही म्हणून त्याने ती सोबत परत नेण्याचे ठरवले होते. रुचिका शेवटी आली. तिच्यासोबत मामांचा निरोप होता, आणि तो तिने मायला हळूच सांगितला: आज खिडकी पास झाली नाही तर उद्यापासून मापे घ्यायला दुसरा माणूस.

उजेड, वारा, धूळ, पाणी, अशा परीक्षा झाल्या. शांतिविन पुढे होती. आवाजाची परीक्षा उरली. रुचिकाने मोबाईल काढला.

"ते यंत्र ठेव, बाई," बाबूजी म्हणाले. "मानसाचा कान पाहिजे. एक जन खिडकी लावून आत बोलन, एक जन बाहेरून काचेले कान लावन. बाकी सारे दूर, मांडवाच्या पल्याड. गलका नोको."

"बाहेरून ऐकेल कोण?" प्रफुलने विचारले.

"ज्याची खिडकी तो."

"हे काय, काका? त्या म्हणतील काहीच ऐकू नाही आलं!"

"म्हनून तर. आमच्यात काटा नेहमी कंपनीच्याच मानसाच्या हातात देतेत. दुसऱ्यानं तोलला का तो भांडते. सोतानं तोलला का पंचायच्या डोऱ्यासमोर खोटं बोलाले घाबरते. तीस वर्षं झाले, एकही कंपनीवाला खोटं नाही बोलला."

"एक बोलला होता," टिकाराम काका म्हणाले.

"तो मंग गावात दिसला का?"

"नाही."

"झालं त."

"अन् आत कोन बोलन?" कोणीतरी विचारले.

बाबूजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ओमेश्वर मास्तर आहे. बोलाची सवय आहे त्याले."

सवय आहे म्हणे! माझ्या हातात शांतिविनचे हमीपत्र देण्यात आले. हेच वाच, म्हणजे दुसरे काही सुचायला नको. मी शांतिविनच्या खोलीत गेलो, दार लावले, खिडकी ओढून घेतली. खटका बसला आणि अंगण मुके झाले. काचेपलीकडे रुचिका वाकून खालच्या कोपऱ्याशी कान लावून बसली. तिच्या कानातले छोटे चांदीचे फूल माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. तिच्या मागे, मांडवापलीकडे, गाव ओळीत उभे होते.

"सदर उत्पादनावर," मी खड्या आवाजात वाचू लागलो, "दहा वर्षांची हमी देण्यात येत आहे. तथापि पुढील बाबी या हमीत समाविष्ट नाहीत. नैसर्गिक आपत्ती. चुकीची हाताळणी. दीर्घकाळ न वापरल्यामुळे आलेला ताठरपणा..."

इथे मी थांबलो. मला असे वाटले की कोणीतरी मला नीट ओळखून ती यादी केली आहे.

काच जाड होती. पलीकडचा पिंपळ सळसळत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. असा निर्धोक क्षण आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. ती समोर होती आणि तिला काहीच ऐकू येणार नव्हते. मी हमीपत्र खाली केले.

"रुचिका," मी म्हणालो, "तुम्हाला माझे बोलणे ऐकू येत नाही, म्हणूनच मी बोलतो आहे. दुकानात तुम्ही मला माझे मत विचारले होतेत. मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो. ती दोन्ही माझी मते नव्हती. माझे मत असे आहे की तुम्ही येत राहावे. खिडकी कोणतीही बसो, अथवा एकही न बसो. मी तीन वेळा तुम्हाला पाणी दिले. त्या प्रत्येक वेळी मला पाण्याखेरीज बरेच काही सांगायचे होते. तुम्ही बाबूजींना हसला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या स्कूटीचा आवाज मला फाट्यापासून ओळखू येतो, आणि तो आला की मी आधी विहिरीवर जातो, कारण पाणी ताजे असावे. आज ही परीक्षा संपेल. उद्यापासून ताज्या पाण्याचे काय करावे, हे मला कळत नाही."

मांडवाजवळून माय हात हलवत होती. ती खाली बोट दाखवत होती, तोंडावर बोट ठेवत होती, पदराने कसलीतरी खूण करत होती. ताठ उभा राहा, असे तिचे म्हणणे असावे असे समजून मी ताठ उभा राहिलो आणि बोलत राहिलो. मी कदाचित एका हाताने अभिनयही केला. शेवटी मी म्हणालो, "आणि ते चांदीचे फूल तुम्हाला शोभून दिसते. येथे हमीपत्र समाप्त होते."

मी खिडकी उघडली. पिंपळाचा आवाज एकदम आत आला.

रुचिका अजून वाकलेलीच होती. ती हळूहळू उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते, पण मला वाटले, ते उन्हामुळे.

"काय आईकू आलं?" बाबूजींनी मांडवापलीकडून विचारले.

तिने आधी पांढऱ्या चौकटीकडे पाहिले. मग हातातल्या वहीकडे. मग माझ्याकडे. काहीच ऐकू आले नाही असे ती म्हणाली असती, तर खिडकी पास होती, नऊ खिडक्यांचे काम तिचे होते, मामा गप्प झाले असते. ती मनात तोलत होती, हे दिसत होते. आणि तोलण्यासारखे काही होते, याचाच अर्थ ऐकू आले होते. मी चौकट धरली. ही चौकट पक्की होती. तिने मला पडू दिले नाही, याचे मला दुःख झाले.

"आलं," रुचिका म्हणाली.

"किती?"

"सगळं."

प्रफुलने टाळी वाजवली. टिकाराम काका पुढे सरसावले. "काय बोलला मास्तर? लय हातवारे करून राहिला होता."

"वॉरंटी वाचत होते," ती म्हणाली.

"इतका वेळ?"

"दहा वर्षांची आहे, काका."

"अन् हातवारे?"

"अटी समजावून सांगत होते."

पंचांनी डोकी एकत्र आणली. आवाजाला निम्मे गुण होते. त्यामुळे शांतिविनला सत्तेचाळीस पैसे मिळाले. वज्रफ्रेमला वड्यांसाठी अधिक आणि पाठ भाजल्याबद्दल उणे करून अठ्ठेचाळीस. दोन्ही खिडक्या पन्नासच्या आत, म्हणजे दुष्काळग्रस्त जाहीर झाल्या. मनिरामच्या फळ्या नसलेल्या चौकटीला एकाहत्तर पैसे पडले.

"अजी, भोक जिंकलं का?" माय म्हणाली.

"हवा येते, उजेड येते, गावची खबर येते," टिकाराम काकांनी पंचांचे मत समजावले. "थुकाले बरी. लावा लागत नाही, उघडा लागत नाही, बिघडत नाही. खिडकीनं अजून काय करावं, वहिनी?"

"बाकी नऊ कधी देशील?" बाबूजींनी मनिरामला विचारले. त्यांनी आपल्या रीतीपुढे कधी माघार घेतलेली नाही.

"पुढच्या सोमवारी," मनिराम म्हणाला, आणि फळी काखेत मारून निघाला.

रुचिका वही पिशवीत घालत होती. मी ओसरीच्या खांबामागे होतो, म्हणजे खांबामागे माझ्यातले जेवढे मावत होते तेवढे. सात महिन्यांत एकदाच बोललो आणि तिचे काम घालवले, असे मी स्वतःला सांगत होतो. ते सांगून होण्याआधीच बाबूजींनी घसा साफ केला.

"आता बाई, रीत आईक. बियानं नापास झालं का शेतकरी तक्रार देते. तक्रार आली का कंपनीले आठ दिवसांत पाहनीले या लागते. कायले नापास झालं, ते लिहून द्या लागते. कारन सापडत नाही तोवर पाहनी चालू. मी तक्रार देऊन राहिलो."

"तक्रार आली की मामांना पाठवावंच लागतं," रुचिका सावकाश म्हणाली. जणू ती हे वाक्य चाखून पाहत होती.

"कोन येईन?"

"मीच येईन." मग ती खांबाकडे न पाहता म्हणाली, "पाणी तयार ठेवा."

ती आठव्या दिवशी आली. मी फाट्यापासून आवाज ओळखला, विहिरीवर गेलो, तांब्या भरून आणला. ती खिडकीशी गुडघ्यावर बसली आणि खालच्या कोपऱ्यातून बोट फिरवू लागली. तिथे काळ्या रबराची पट्टी हातभर नव्हती. सुरीने व्यवस्थित कापून काढलेली होती, आणि फटीशी वाकले की शेजारच्या प्रेमिला काकू कोणाला तरी वांग्याचा भाव सांगत असलेल्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

रुचिकाने मान वळवली. स्वयंपाकघराच्या फळीवर मायचा वड्यांचा डबा होता. झाकणाच्या कडेने काळे रबर घट्ट बसवले होते. डब्यात मुंगी शिरायची सोय नव्हती. माय तिथेच उभी राहून अत्यंत एकाग्रतेने तांदूळ निवडत होती. तांदूळ आधीच निवडलेला होता.

मीही ते पाहिले. आईच्या कानांवरची माझी कविता मला आठवली.

रुचिकाने डब्यावरच्या रबराची लांबी नजरेने मापली. मग तिने तक्रारीचा कागद मांडीवर घेतला आणि लिहू लागली. मी तांब्या पुढे केला. काहीतरी म्हणायला हवे होते. मनात एक वाक्य तयार झाले. ते लांब नव्हते.

"बसा ना थोडं," मी म्हणालो. "काम झाल्यावर."

ती पाणी प्यायली, तिने तांब्या खाली ठेवला, आणि कागद माझ्याकडे वळवून सहीसाठी बोट दाखवले. बिघाडाचे कारण या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: समजले नाही. खाली पुढील पाहणी असा रकाना होता. तिथे तिने आधी 'एक महिन्याने' लिहिले होते, ते खोडले होते, आणि त्यावर लिहिले होते: दर सोमवारी.